टेकडीवरचे अंगण : नूतन बाल शिक्षण संघाची शंभर वर्षे

डहाणू रोडला गाडीतून उतरून घोलवड-बोर्डीच्या रस्त्याला लागले की डाव्या हाताला समुद्र असतो आणि उजव्या हाताला चिकूच्या वाड्या. वाड्यांच्या मागे एक टेकडी दिसते. उंची बेताचीच. तरी महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिक्षकांच्या आणि बालवाडीताईंच्या दोन-तीन पिढ्यांना तिचे नाव ठाऊक आहे : कोसबाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम याच टेकडीवर रुजले, आणि इथून ते डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांत उतरले.

हे काम ज्या संस्थेच्या नावाने झाले, तो नूतन बाल शिक्षण संघ १९२६ साली स्थापन झाला. २०२६ साली त्याला शंभर वर्षे होतात. शताब्दीच्या निमित्ताने संस्थेकडे अनेक अंगांनी पाहता येईल. इथे वाट धरली आहे ती जमाखर्चाच्या वहीची. लहान मुलांच्या खेळासाठी पैसा कुठून आला, साधने आणि जागा वाढल्यावर खर्चाचे काय झाले, आणि पैसा कमी असताना कार्यकर्त्यांनी काय शोधून काढले, हे पाहिले की संस्थेचा स्वभाव उलगडत जातो. बालशिक्षणात खेळ हाच अभ्यास असतो. म्हणून खेळाचे साहित्य, खेळायची जागा आणि खेळवणारी बाई या तिघांचा खर्च हाच या संस्थेचा मुख्य खर्च.

१९२० ते १९३९ : भावनगर ते दादर

सुरुवात गुजरातेतली आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. ते मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे, या प्रश्नातून ते मारिया माँटेसरींच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले आणि वकिली सोडून मुलांमध्ये रमले. १९२३ साली ताराबाई मोडक तिथे आल्या. मुंबईत जन्मलेल्या, १९१४ साली पदवी घेतलेल्या ताराबाईंनी त्याआधी राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाची जबाबदारी सांभाळली होती. प्रतिष्ठेची ती जागा सोडून त्या बालमंदिरातल्या जमिनीवर मुलांबरोबर बसल्या.

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने संघ उभा राहिला. नव्या पद्धतीचा प्रचार, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक, अशी कामे सुरू झाली. मराठी ‘शिक्षणपत्रिके’ची धुरा ताराबाईंनी वाहिली. १९३२ साली त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. तिथे मराठी घरांतली मुले येऊ लागली. शेजारी शिक्षिकांना तयार करणारे वर्गही चालत.

खर्चाचा प्रश्न पहिल्यांदा ठसठशीतपणे उभा राहिला तो याच काळात. माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले होते. पण त्यांनी तयार केलेली साधने अचूक मापाची असत. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे घ्या : सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. मधला एक जरी हरवला तरी मनोरा बिघडतो आणि मुलाला आपली चूक आपोआप कळण्याची सोय संपते. दट्टापेटीत प्रत्येक दट्टा आपल्याच मापाच्या भोकात बसतो; तो झिजला की दुसऱ्याच्या भोकात जातो. म्हणजे साहित्य एकदा विकत घेऊन भागत नाही. साहित्याला कपाट लागते, कपाटाला खोली, खोलीला कुलूप आणि कुलपाला माणूस. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली पद्धत जगभर फिरता फिरता सुखवस्तू घरांच्या आवाक्यातली झाली, त्यामागे हे साधे हिशेबी कारण होते. दादरच्या शिशुविहारात मुले आनंदाने खेळत होती, पालक फी देत होते, संस्थेचे नाव होत होते. ताराबाईंना मात्र एक प्रश्न टोचत राहिला. खेड्यातल्या मुलाचे काय? त्याच्या गावात दट्टापेटी कोण विकत घेणार?

१९४० ते १९४९ : बोर्डी

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गांधी आगाखान पॅलेसमध्ये वारल्या. त्यांच्या स्मारकासाठी ७५ लाखांचा निधी उभा करण्याचे ठरले. लोकांनी त्याहून कितीतरी अधिक, एक कोटीच्या वर रक्कम जमा केली. पुतळे आणि भवने यांच्या मोहात न पडता हा पैसा खेड्यांतल्या स्त्रिया आणि मुलांसाठी वापरावा, असा गांधीजींचा आग्रह होता. ग्रामसेविकांना तयार करणारी शिबिरे त्यातून निघाली. त्यांपैकी एक १९४५ साली बोरिवलीला भरले.

त्या शिबिरात एक शिक्षिका आल्या होत्या. पस्तिशीच्या, सडसडीत, पुण्याच्या हुजूरपागेत वर्षानुवर्षे शिकवलेल्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या, मिळेल त्या फटीतून शिकत गेलेल्या आणि नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झालेल्या अनुताई वाघ. ताराबाई तिथे शिकवायला होत्या. दोघींची गाठ पडली आणि संस्थेच्या पुढच्या सत्तेचाळीस वर्षांचा पाया घातला गेला. शंभर वर्षांच्या जमाखर्चात सर्वांत मोठी जमा कोणती, असे विचारले तर ही भेट सांगावी लागेल. आणि ती घडली देशभरातल्या हजारो लोकांनी दिलेल्या लहानमोठ्या देणग्यांच्या आधाराने, विटांऐवजी माणसांवर केलेल्या खर्चातून.

२४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. गाव निवडताना जमीन तयार होती. गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा तिथे १९२० पासून चालत होती. दानशूर पारशी कुटुंबाचे, सुनाबाई पेस्तनजी हकीमजी यांचे नाव ती शाळा आजही धारण करते. आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक गावात होते. म्हणजे दान, शाळा आणि समाजसेवा या तिन्ही गोष्टी बोर्डीला ओळखीच्या होत्या. तीन ते सहा वर्षांच्या पोराला शाळेत कशाला बसवायचे, ही गोष्ट मात्र सर्वस्वी नवी होती.

काम सुरू झाले ते पाण्याच्या बादलीपासून. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, डोळे-कान पाहायचे, मग गाणी आणि खेळ. कोळ्यांच्या, दलितांच्या, शेतमजुरांच्या वस्त्यांतून मुले गोळा करत फिरायचे. शिकलेल्या बाईने दुसऱ्याच्या पोरांचा शेंबूड पुसावा, हे गावाला पचायला वेळ लागला. बादली, साबण, फणी आणि एक बाई : केंद्राच्या पहिल्या दिवसांतला भांडवली खर्च म्हणायचा तर एवढाच.

आणि इथेच ताराबाईंच्या टोचणाऱ्या प्रश्नाला उत्तर सापडू लागले. बोर्डीच्या वाळूत शिंपले होते, लहान-मोठे, खरखरीत-गुळगुळीत. वाडीत बिया होत्या. चिंचोके होते, पाने होती, काड्या होत्या, माती होती. दट्टापेटी ज्यासाठी बनवली होती, ते काम, म्हणजे लहान-मोठे ओळखणे, जुळवणे, मोजणे, बोटांना वळण लावणे, हे सगळे या वस्तूंनी होते, हे दोघींनी रोजच्या प्रयोगातून पडताळून पाहिले. हरवलेला चिंचोका बदलायला मुंबईला पत्र पाठवावे लागत नाही. साहित्य मुलांनीच गोळा करायचे, त्यामुळे गोळा करण्याचाही खेळ होतो. कपाट गेले, कुलूप गेले, आणि त्यांच्यापोटी जाणारा पैसा बाईच्या मानधनाला उरला.

याच वर्षी शेजारी काय चालले होते तेही लक्षात घ्यायला हवे. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावात हजारो वारली आदिवासी जमले आणि वेठीला नकार द्यायचा निर्णय झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालचा तो लढा. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. बोर्डीचे केंद्र उघडायला तेव्हा अडीच महिने उरले होते. या पट्ट्यातली कितीतरी मुले लग्नाच्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबणाऱ्या ‘लग्नगड्यां’ची होती. झरीच्या सभेचा आणि बोर्डीच्या बादलीचा मार्ग निराळा, विचार निराळे. पण एकाच परिसरात, एकाच वर्षी, त्याच माणसांचे मोठेपण आणि त्यांच्याच लेकरांचे बालपण यांच्याकडे कुणीतरी वळून पाहिले, याची नोंद या स्मरणिकेत असायला हवी.

१९५० ते १९५९ : टेकडीवर

स्वातंत्र्यानंतर सरकारी मदतीचे दार उघडले. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ आले आणि देशभरातल्या स्वयंसेवी संस्थांच्या बालवाड्यांना अनुदान मिळू लागले. अनुदानाने संस्थांना बळ दिले आणि नवी शिस्तही लावली. नोंदवह्या, हजेरी, तपासणी, पावत्या. अनुदानात संस्थेने आपला हिस्सा घालायचा असतो आणि तो हिस्सा देणगीतून उभा करायचा असतो. शिवाय अनुदान यायचे तेव्हा येते. बाईची चूल मात्र रोज पेटावी लागते. हे अंतर भरून काढायला जो पैसा लागतो त्याला कोणत्याही अहवालात शीर्षक नसते.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबाडला आले. बोर्डी किनाऱ्यावरचे, शाळा-बाजार असलेले गाव. कोसबाड आदिवासी वस्त्यांच्या मधोमध. इथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात बांधून ‘विकासवाडी’ उभी राहिली. कल्पना सरळ होती. थोरली बहीण शाळेत का येत नाही? कारण ती धाकट्याला कडेवर घेऊन घरी बसते. मग धाकट्यासाठी पाळणा टांगा, मधल्याला बालवाडीत घ्या, थोरली आपोआप वर्गात येईल. पाळणाघराचा खर्च वरवर वेगळा दिसतो. खरे पाहता तो शाळेच्या पटाचाच खर्च होता. अंदाजपत्रकाकडे असे पाहायला बाईमाणसाची नजर लागते, असे इथे आवर्जून म्हणावेसे वाटते.

आवार वाढले तसे खर्चाचे रूप बदलले. छपराला दर पावसाळ्यापूर्वी हात लावावा लागतो, आणि या पट्ट्यात पाऊस चार महिने मुक्काम ठोकतो. विहीर आली की रहाट-पंप आला, राहणारे आले की स्वयंपाकघर आले. नवी खोली बांधून मिळाली की ती झाडायची कुणी, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी उभा राहतो. संस्थेच्या ज्ञात-अज्ञात देणगीदारांनी या काळात आणि पुढेही जो हात दिला, त्याचे मोल शब्दांत मावणारे नाही. त्या दानाचे चीज झाले ते रोज सकाळी ती खोली झाडून, सारवून, पोरांनी भरून टाकणाऱ्या सेविकांमुळे.

खेळासाठी पैसा ही गोष्ट त्या काळात महाराष्ट्रात किती दुर्मीळ होती, याचे एक उदाहरण कोल्हापूरचे आहे. १९५२ साली कुस्तीगीर खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले तेव्हा प्रवासखर्च अपुरा होता. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलैला खाशाबांनी कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. जे संस्थेच्या अंदाजपत्रकात बसत नाही ते कुणाच्या तरी घरावर येऊन पडते. कोसबाडला ते शिक्षिकांच्या घरावर पडत होते. तुटपुंज्या मानधनावर, शहरापासून दूर, विंचू-सापांच्या सोबतीने त्यांनी वर्षे काढली. त्यांच्यापैकी बहुतेकींची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. हा इतिहास त्यांचा आहे.

१९६० ते १९६९ : अंगण आणि कुरण

१९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, अनुताई बी. ए. झाल्या. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. बाहेर मान वाढत होता आणि टेकडीवर एक अडचण जुनीच होती. विकासवाडी उभी होती, शिक्षिका होत्या, पण पाड्यावरची मुले पुरेशी येत नव्हती. पाडे विखुरलेले, एक घर या उतारावर, दुसरे त्या ओहोळापलीकडे. आवणीच्या दिवसांत आईबाप शेतात, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर. अनोळखी माणूस दिसला की मुले पळून रानात लपत.

अशा वेळी साधारणपणे संस्था काय करते? आणखी चांगली इमारत मागते, मुले आणायला गाडी मागते. ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे. कारवीच्या कुडाचे घर, पुढे शेणाने सारवलेले अंगण. बाई सकाळी तिथे जाऊन बसते. दोन मुले येतात, मग शेजारची चार. आजी दारात बसून पाहते, तिलाही गाणे पाठ होते. गाणी, गोष्टी, चिंचोके, पानांच्या माळा. घरच्या अंगणात मूल बुजत नाही, त्याची वारली बोली तिथे चुकीची ठरत नाही, आणि तांदळाच्या पिठाने भिंतीवर चित्र काढणाऱ्या घरात चित्रकलेचा तास वेगळा भरवावा लागत नाही. खेळाची साधनेही तिथेच असतात. झाडावर चढणे, उतारावरून धावणे, ओढा ओलांडणे, गलोलीने नेम धरणे यांत ही मुले तरबेज. घसरगुंडी आणि शिडी विकत आणून त्यांना शिकवण्यासारखे फार थोडे होते. या प्रयोगाला नाव मिळाले ‘अंगणवाडी’.

दुसरा प्रयोग थोड्या मोठ्या मुलांसाठी. सहा-सात वर्षांचा मुलगा गुरे राखायला जातो, कारण त्या राखणीवर घराची भाकरी अवलंबून असते. त्याला दिवसभर वर्गात बसवले तर घर उपाशी. म्हणून शिक्षक कुरणात गेले. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, पाटी आहे, बिया आहेत. एखादी गाय शेतात शिरली की एकजण धावत जाऊन तिला वळवून आणतो आणि पुन्हा बसतो. ही ‘कुरणशाळा’.

खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर या दोन प्रयोगांनी अंदाजपत्रकाचा कणाच बदलला. इमारतीचा रकाना जवळजवळ कोरा आणि माणसांचा रकाना भरलेला. बाईचे मानधन, तिचे प्रशिक्षण, तिच्या झोळीतले साहित्य आणि मुलांच्या तोंडात पडणारा घास. यात एक अडचण होती, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. अशा खर्चासाठी देणगी मिळवणे फार कठीण. इमारतीवर नाव लावता येते, बाईच्या महिन्याच्या मानधनावर कुणाचे नाव कोरायचे? संस्थेने तरीही ही वाट सोडली नाही. प्रशिक्षणावर तर तिने कायम जोर दिला. कोसबाडला तयार झालेल्या बालसेविका आपापल्या गावी गेल्या आणि प्रत्येकीबरोबर पद्धतही गेली. एका प्रशिक्षणाच्या खर्चात पुढची वीस-पंचवीस वर्षे रोज चालणारी एक बालवाडी, असा तो हिशेब होता.

१९७० ते १९७९ : टेकडीवरून देशात

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. संस्थेचा सगळा भार अनुताईंवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर आला. १९७२ साली अनुताईंना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला होता. पण पुरस्काराने दुष्काळ टळत नव्हता. १९७२-७३ चा दुष्काळ महाराष्ट्राने भोगला तेव्हा लहान मुलाचे पोट आणि लहान मुलाचे शिक्षण वेगळे करता येत नाही, हे सगळ्यांच्याच ध्यानात आले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. पहिल्या वर्षी देशात ३३ प्रकल्प. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आरोग्यशिक्षण, संदर्भसेवा आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा, आणि त्या जिथून द्यायच्या त्या केंद्राचे नाव अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. हिमाचलपासून तामिळनाडूपर्यंत हाच शब्द चालतो. डहाणूच्या पाड्यावरच्या सारवलेल्या अंगणाला यापेक्षा मोठा मान कुणी देऊ शकले नसते.

अंगणवाडीचा ढाचा पाहिला तर कोसबाडचा हिशेबच त्यात दिसतो : एक सेविका, एक मदतनीस, आहार, साहित्य. इमारत असली तर उत्तम. नसली तर देवळाचा ओटा, कुणाची पडवी, झाडाची सावली. या ढाच्यातली उणीवही तिथूनच सुरू झाली. सेविकेला पगाराऐवजी ‘मानधन’ हा शब्द मिळाला. स्वयंसेवी संस्थेत तो शब्द त्यागाचा होता. सरकारी योजनेत तो लाखो बायांच्या कमाईची मर्यादा ठरला, आणि त्यासाठी त्यांना आजही मोर्चे काढावे लागतात. कोसबाडच्या बायांनी जे प्रेमाने सोसले ते कायमचे दरपत्रक होऊ नये, असे या संस्थेचा इतिहास लिहिताना मनापासून वाटते.

१९८० ते १९८९ : दाभोण आणि ऐने

या दशकात कामाला नव्या फांद्या फुटल्या. कोसबाडला मूकबधिर मुलांसाठी विद्यालय सुरू झाले. अनुताई सत्तरी ओलांडूनही थांबल्या नाहीत. १९८२ साली त्यांनी प्रा. रमेश पानसे यांच्यासह ‘ग्राममंगल’ ही संस्था उभारली आणि डहाणू तालुक्याच्या आतल्या भागात, दाभोण आणि ऐने या गावांत, कामाची नवी पाळेमुळे रोवली. पुढे ऐन्याच्या शाळेने मुलांच्या शिकण्याच्या पद्धतीवर जो सखोल विचार केला, त्याचा लाभ महाराष्ट्रभरच्या शिक्षकांना झाला.  

१९८५ साली अनुताईंना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी जमनालाल बजाज पुरस्कारही. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या त्यांच्या पुस्तकाने घराघरांत ही टेकडी पोहोचवली. पाहुणे वाढले, अभ्यासगट वाढले. शहरातल्या माणसांना कोसबाड पाहून काहीतरी द्यावेसे वाटे, आणि बहुधा वस्तू द्याव्याशा वाटत. पाहुण्यांना समजावून सांगण्याचे काम सेविकांनी नम्रपणे केले : बाहुली चांगली आहे, पण इथल्या मुलीने पाहिलेली बाई लुगडे नेसते; पेटी सुंदर आहे, पण तिचा एक तुकडा हरवला तर पुढे काय?

१९९० ते २००९ : अनुताईंनंतर

२७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताईंचे निधन झाले. त्याच वर्षी शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. बालवाडीच्या अंदाजपत्रकात आहाराचा रकाना का हवा, याचे याहून करुण उत्तर असू शकत नाही.

परिसरही बदलत होता. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. १९९५ च्या सुमारास ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. पाड्यांवर पक्क्या शाळा आल्या, आश्रमशाळा वाढल्या, तलासरीसारख्या ठिकाणी गोदावरी-शामराव परुळेकरांचे नाव लावणारे महाविद्यालय उभे राहिले. ज्यांच्या आजोबांनी कुरणात अक्षरे गिरवली, त्या घरांतली मुले पदवीपर्यंत जाऊ लागली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या शाळेला वर्गखोल्या, पाणी, स्वच्छतागृह आणि खेळाचे मैदान सक्तीचे केले. सहा वर्षांखालच्या मुलांचा हक्क मात्र त्या कायद्यात ठामपणे आला नाही.

२०१० नंतर : तंबू, ओटा आणि पेटारा

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जिल्ह्याचे मुख्यालय जवळ आले. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली. स्वयंसेवी संस्थांच्या पैशाचा नकाशाच त्याने बदलला. देणगीदार आता व्यक्तीऐवजी कंपनी असते. तिला वर्षाच्या आत दिसणारे, मोजता येणारे, छायाचित्रात मावणारे काम हवे असते : रंगवलेली अंगणवाडी, खेळण्यांचा संच, संगणक. हा पैसा मोलाचा आहे. पण तीन वर्षांनी प्रकल्प संपतो तेव्हा संगणकाचे वीजबिल, रंगाचे पोपडे आणि प्रशिक्षित बाईचे मानधन एकाच दिवशी संस्थेच्या दारात उभे राहतात. देणाऱ्यांना या शताब्दीत एक विनंती करावीशी वाटते : इमारत दिलीत तर तिच्या दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही द्या, आणि शक्य असेल तर एका बाईचे पाच वर्षांचे मानधन द्या.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत जमीन आठवड्यात अनेकदा हादरत होती. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घराबाहेर धावताना पडून एका चिमुरडीचा जीव गेला. भिंतींना तडे गेले, माणसे थंडीत अंगणात झोपू लागली, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने तंबू ठोकले, आणि अनेक शाळा-अंगणवाड्यांतली मुले छपराखालून बाहेर येऊन झाडाखाली आणि तंबूत बसली. इतक्या वर्षांनी बांधलेल्या खोल्या सोडून शिक्षण पुन्हा उघड्यावर आले. ज्या सेविकांना अंगणात वर्ग घ्यायची सवय होती, त्यांचे काम अडले नाही. या दोन तालुक्यांत पुढच्या बांधकामाला हलके छप्पर, भूकंप सोसणारा सांगाडा आणि समोर मोकळे पटांगण असायलाच हवे; हा खर्च चैनीचा नाही.

मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद पडल्या. पाड्यांवर मोबाईलला रेंज नाही, घरात एकच फोन आणि तोही बापाबरोबर कामावर. तेव्हा राज्यात ठिकठिकाणी शिक्षक ओट्यावर, अंगणात, झाडाखाली चार-चार मुले घेऊन बसले. अंगणवाडीसेविका शिध्याची पाकिटे घेऊन दारोदार गेल्या.

त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका आवारात बांधणाऱ्या विकासवाडीने हेच १९५७ साली मांडले होते. २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने लहान मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ नावाची साहित्यपेटी काढली : खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपट्ट्या. पेटी चांगली आहे आणि ती प्रत्येक पाड्यावर पोहोचावी. तिच्या शेजारी बाईची जुनी झोळीही राहावी, कारण पेटीतले फाटलेले, हरवलेले, भिजलेले पुन्हा भरायला तालुक्याला मागणी पाठवावी लागते.

झोळीला तशी गरज पडत नाही. डहाणूच्या रानात चिंच मार्च-एप्रिलमध्ये पिकते. आया ती फोडून, मीठ लावून गोळे करून ठेवतात आणि चिंचोके अंगणाच्या कडेला वाळत पडतात. जूनमध्ये बालवाडी उघडायच्या आत कुणीतरी ते टोपलीत भरून घेते, आणि पहिल्या सरीनंतर सारवलेल्या जमिनीवर चार वर्षांची एक मुलगी ते रांगेत मांडत बसते. एक, दोन, तीन, वारलीत मोजते, मग मराठीत.